लेहची पहिली रात्र आणि झोपेची गोळी

प्रश्न : आम्ही घरचे सहा जण पाच आठवड्यांनी लडाखला निघालोय. पुणे-दिल्ली-लेह विमानाने. लेहला दोन रात्री, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा, तिथून पँगाँगला एक मुक्काम. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. गेली सहा वर्षं त्या रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलीग्रॅमची गोळी घेतात. सासरे ६८ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. खूप घोरतात, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतात. टूरवाले म्हणाले, ‘पहिल्या रात्री वर कुणालाच झोप लागत नाही, सगळ्यांनीच झोपेची अर्धी गोळी घ्या.’ माझी बहीण म्हणते, वर झोपेची गोळी म्हणजे विष, सासूबाईंची निघण्याच्या आठवडाभर आधीच बंद करा. मी तर वाचलं की एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर संशोधन झालंय आणि गोळीने ऑक्सिजन कमी होत नाही असं दिसलंय. नक्की कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यात तातडीचं आधी सांगतो. सासूबाईंची गोळी परस्पर बंद करू नका. आठवडाभर आधी नाही आणि आदल्या दिवशी तर मुळीच नाही. सहा वर्षं रोज घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम थांबवलं की झोप पूर्ण उडते, छातीत धडधड होते, हात थरथरतात, मळमळतं, घाबरं होतं, आणि काहींना फिटसुद्धा येते. यातली निम्मी लक्षणं विरळ हवेमुळे होणाऱ्या उंचीच्या आजारातही दिसतात. म्हणजे लेहच्या हॉटेलात रात्री दोन वाजता सासूबाईंना मळमळ आणि धडधड सुरू झाली, तर ती हवेमुळे आहे की गोळी तोडल्यामुळे, हे तुम्हालाच काय, तिथल्या डॉक्टरांनाही सांगणं अवघड जाईल. इतक्या वर्षांची गोळी सोडवायची तर डोस दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्क्यांनी उतरवत न्यावा लागतो, त्याला महिने लागतात. तुमच्या हातात पाच आठवडे आहेत. तेवढ्यात तुमचे डॉक्टर डोस थोडा खाली आणू शकतील, शून्यावर आणणार नाहीत. तेव्हा गोळी चालू राहणार हे धरून चाला आणि बदल करायचा तो सहलीच्या आखणीत करा. ती कशी बदलायची ते पुढे सांगतो.

आता संशोधनाबद्दल. तुम्ही वाचलेलं खरं आहे. बेस कॅम्पवरची ती चाचणी १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली होती. सुमारे ५,३०० मीटर उंचीवर ११ जणांना एका रात्री टेमाझेपाम ही झोपेची गोळी, १० मिलीग्रॅम, आणि दुसऱ्या रात्री तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. औषधाच्या रात्री झोप चांगली लागली, रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार कमी झाले आणि सरासरी फारशी घसरली नाही. २००६ मध्ये सुमारे ५,००० मीटरवर ३३ जणांवर तेच औषध तपासलं. अडखळत श्वास घेण्यात जाणारा झोपेचा वाटा १६ टक्क्यांवरून साधारण ९ टक्क्यांवर आला, पण सरासरी ऑक्सिजन ७८ टक्क्यांवरून ७६ वर उतरला. झोलपिडेम आणि झालेप्लॉन या दुसऱ्या झोपेच्या गोळ्यांची चाचणी २००७ मध्ये ३,६१३ मीटरवर झाली, तीही गिर्यारोहकांवर, आणि तिथेही श्वासावर वाईट परिणाम दिसला नाही.

याच्या उलट बाजूचं संशोधनही आहे आणि ते कमी वाचलं जातं. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये ३,००० मीटरवर तेच टेमाझेपाम, तेवढंच १० मिलीग्रॅम, जागेपणी दिलं. तासाभराने धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन घटला होता आणि कार्बन डायऑक्साइड वाढला होता. याचा अर्थ श्वास उथळ झाला होता.

एकच गोळी एकीकडे श्वास सुधारते आणि दुसरीकडे मंदावते, हे कसं? हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर यातच आहे.

लेह ३,५०० मीटरवर आहे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. मानेत कॅरॉटिड धमनीला लागून तांदळाच्या दाण्याएवढी एक पेशींची गाठ असते. ती रक्तातला ऑक्सिजन सतत मोजते आणि कमी पडला की मेंदूला ‘श्वास वाढव’ असा निरोप देते. वर गेल्यावर आपण न ठरवता जोरजोरात श्वास घेतो तो यामुळे. त्याने ऑक्सिजन सुधारतो, पण कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर फेकला जातो. जागेपणी त्याने फारसं बिघडत नाही. झोपेत मात्र श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर चालतो. ती एका हद्दीखाली गेली की मेंदू श्वासच थांबवतो. पाच, दहा, कधी पंधरा सेकंद काहीच हालचाल नाही. तेवढ्यात ऑक्सिजन पडतो, मानेतली गाठ पुन्हा ओरडते, तीन-चार खोल श्वास येतात, बरेचदा माणूस दचकून जागा होतो, आणि चक्र परत सुरू. वर झोप लागत नाही म्हणतात त्याचं मोठं कारण हे आहे. अनोळखी गादी किंवा थंडी ही त्यानंतरची कारणं.

झोपेची गोळी या चक्रात दोन ठिकाणी हात घालते. ती दचकून जागं होणं कमी करते आणि मानेतल्या गाठीच्या निरोपाला मेंदूने द्यायचा प्रतिसाद बोथट करते. ज्याचा प्रतिसाद मुळात तगडा आहे, जो आठवडाभर चालत चालत उंची गाठून आलाय, ज्याच्या शरीराने विरळ हवेशी जुळवून घेतलंय, त्याच्या बाबतीत थोडा बोथटपणा फायद्याचा ठरतो. श्वासाचे टोकाचे चढउतार कमी होतात, झोप सलग लागते. बेस कॅम्पवर दिसलं ते हेच. पण जो सकाळी दिल्लीत चहा पिऊन दुपारी लेहला उतरलाय, त्याचा सगळा भार त्या वाढलेल्या श्वासावरच असतो. रक्त, मूत्रपिंडं, कुणालाच अजून जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो. त्याचा तो एकमेव आधार बोथट करणं ही वेगळीच गोष्ट झाली.

शिवाय चाचण्यांमधली माणसं पाहा: तंदुरुस्त, वर जायची सवय असलेली, एका रात्री एकच छोटा डोस घेणारी. ६३ वर्षांची, सहा वर्षं रोज गोळी घेणारी बाई त्यांत नव्हती. ६८ वर्षांचे घोरणारे गृहस्थ नव्हते. आणि या चाचण्यांमध्ये अल्प्राझोलामही नव्हतं. झोलपिडेमचा रक्तातला अंमल साधारण अडीच तासांत निम्मा होतो. अल्प्राझोलामला तरुणांत ११ तास लागतात, वयस्करांत सुमारे १६. रात्री दहाला घेतलेल्या गोळीतला जवळजवळ अर्धा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सासूबाईंच्या रक्तात असेल, आणि तुमच्या आखणीप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी त्या ५,३५९ मीटरच्या खारदुंग लावर किंवा त्याच्या आसपास असतील. डायझेपाम आणि क्लोनाझेपाम त्याहून लांब रेंगाळतात. ‘झोपेची गोळी’ या एका नावाखाली इतकी वेगवेगळी औषधं येतात, म्हणून टूरवाल्यांचा सरसकट सल्ला आम्हाला अजिबात पटत नाही.

त्यामुळे तुम्ही, तुमचे यजमान आणि बरोबरचे इतर कुणीही, ज्यांना रोजची गोळी नाही, त्यांनी लेहला पहिल्या तीन रात्री कुठलीही झोपेची गोळी घेऊ नये. अर्धीही नाही. कधीच न घेतलेली गोळी पहिल्यांदा उंचीवर घेणं तर कुणाच्याच हिताचं नाही. झोलपिडेमने काही लोक झोपेतच उठून चालायला लागतात, आणि पँगाँगच्या तंबूबाहेर रात्री किती थंडी असते ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या एक-दोन रात्री तुटक झोप होणार हे गृहीत धरा. २०१८ मध्ये उंचीच्या आजाराची जगभर वापरली जाणारी लेक लुईस गुणपद्धत सुधारली, तेव्हा त्यातून झोप न लागणं हे लक्षण काढूनच टाकलं. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, यांना गुण आहेत, निद्रानाशाला नाही. नुसती झोप आली नाही म्हणजे आजार झाला असं नाही.

झोपेसाठी काही घ्यायचंच असेल तर मूळ कारणावर चालणारं औषध म्हणजे ॲसिटाझोलामाईड, आपल्याकडे डायमॉक्स नावाने मिळतं. ते मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकतं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि मेंदू झोपेतही श्वास चालू ठेवतो. श्वास थांबण्याचं ते चक्र यानेच तुटतं, आणि तेही श्वास न मंदावता. प्रौढांसाठी १२५ मिलीग्रॅम, म्हणजे २५० च्या गोळीचा अर्धा भाग, सकाळ-संध्याकाळ, उड्डाणाच्या आदल्या दिवसापासून. पँगाँगचा मुक्काम तुमचा सर्वांत उंच मुक्काम असल्याने तो संपून खाली येईपर्यंत चालू ठेवावं लागेल. संध्याकाळचा डोस सहाच्या सुमारास घ्या, नाहीतर लघवीसाठी रात्रभर उठावं लागेल. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. दोन्हींची काळजी नको. मात्र सल्फा औषधाची गंभीर ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का ते पाकिटावर वाचा. असेल तर डायमॉक्ससोबत पोटॅशियम घसरू शकतं, डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि सगळ्यांनीच घरी असताना दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे कुणाला काय त्रास होतो ते इथेच कळेल.

सासऱ्यांची काळजी आम्हाला सासूबाईंपेक्षा जास्त वाटते. घोरणं आणि श्वास अडकून दचकणं हे झोपेत घसा बंद होण्याचं लक्षण आहे. खाली सांगलीत प्रत्येक अडकण्याला ऑक्सिजन थोडा पडतो आणि लगेच भरून येतो. लेहला तो आधीच ८५ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान असतो, त्यातून पडला की बराच खाली जातो. शामक, म्हणजे गुंगी आणणाऱ्या, औषधाने घशाचे स्नायू आणखी सैल होतात आणि दचकून जागं होण्याची शरीराची सोयही जाते. त्यांना झोपेची गोळी, दारू, कोडीनचं खोकल्याचं औषध, काहीही नको. पाच आठवड्यांत घरच्या घरी होणारी झोपेची तपासणी सहज होते, ती करून घ्या. सीपॅप यंत्र (झोपेत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) लागलं तर तेच बरोबर न्या. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशाच ५१ रुग्णांना २,५९० मीटरपर्यंत नेऊन पाहिलं. आपोआप दाब बदलणाऱ्या सीपॅपबरोबर ॲसिटाझोलामाईड दिलेल्यांचा रात्रीचा ऑक्सिजन नुसत्या सीपॅपवाल्यांपेक्षा चांगला राहिला. पँगाँगच्या तंबूंत रात्रभर वीज असते का, हे बुकिंग करतानाच विचारा. रात्री वीज जात असेल तर सासऱ्यांचा तिथला मुक्काम रद्दच करा.

आता आखणी. उंचीचा आजार झाला की पहिला उपाय खाली उतरणं. पण लडाखमध्ये ‘खाली’ सापडत नाही. नुब्रातून लेहला परतायचं तर खारदुंग ला चढावा लागतो. पँगाँगहून लेहला यायचं तर तेवढाच उंच चांग ला. लेहहून कारगिलकडे उतरायचं तर ४,१०८ मीटरचा फोटू ला वाटेत आहे. म्हणजे रात्री बिघडलेल्या माणसाला गाडीत घालून उतरवताना आधी आणखी वर न्यावं लागतं. एव्हरेस्टच्या वाटेवर माणूस पाठीवर घेऊन रात्रीतून पाचशे मीटर उतरता येतं, इथे येत नाही. म्हणून गोळी चालू असलेल्या सासूबाईंसाठी लेहला दोनाऐवजी तीन रात्री ठेवा. नुब्रातलं हुंडर लेहपेक्षा थोडं खालीच आहे, तिथे दोन रात्री राहा, खारदुंग लावर फोटोपुरते दहा-पंधरा मिनिटं थांबा. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आणि तिथे तो सरळ मोडतो. सासू-सासऱ्यांनी पँगाँग दिवसाभरात पाहून लेहला परत यावं, किंवा सोडून द्यावं. वेळ असेल तर विमानाऐवजी श्रीनगर (१,५८५ मीटर) आणि कारगिल (२,६७६ मीटर) असे मुक्काम करत रस्त्याने जा. परतीला विमान ठेवा. मनालीच्या रस्त्याने मात्र नको, तिकडे ४,२९० मीटरच्या सरचूला झोपायची वेळ येते.

सासूबाईंची गोळी तिथे नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच किंवा डॉक्टरांनी कमी केलेल्या डोसची. झोप नाही आली म्हणून दुसरी नाही. गोळी ‘एसआर’ प्रकारची असेल तर ती मोडायची नाही, कारण मोडल्याने हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. त्यांच्या खोलीत कुणीतरी हवं. रात्री बाथरूमला जाताना गोळीची गुंगी, विरळ हवा आणि डायमॉक्सची घाई एकत्र आली की पडण्याचा धोका मोठा असतो. बाथरूमचा दिवा चालू ठेवा, वाटेतल्या बॅगा बाजूला करा, पहिल्या दोन रात्री हात धरून न्या. झोपताना पाठीखाली उशा लावून डोकं आणि छाती उंच ठेवली तर बरं.

ऑक्सिमीटर जरूर घ्या, पण बोट थंड असेल किंवा नेलपॉलिश असेल तर तो काहीही दाखवतो. हात चोळून ऊब आणा, मिनिटभर हात स्थिर ठेवा आणि आकडा थांबला की मगच वाचा. झोपेतल्या आकड्याने घाबरून जाऊ नका, तो खाली-वर होतोच. जागेपणी, बसून, दोन-चार खोल श्वास घेतल्यावरही तो ८० च्या खाली राहिला, किंवा बसल्या जागी दम लागतोय, खोकला येतोय, तर वाट पाहू नका. ऑक्सिजन आणि दवाखाना. हॉटेलात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या हलक्या डब्यांवर भिस्त ठेवू नका. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. रात्रभरासाठी कॉन्सन्ट्रेटर किंवा मोठा सिलिंडर हॉटेलात आहे का, ते आधी फोनवर विचारा.

गोळीचा सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे आणि तो श्वासाशी संबंधित नाही. उंचीमुळे मेंदूला सूज आली की माणूस पेंगतो, बोलणं अडखळतं, चाल लटपटते. झोपेच्या गोळीनेही नेमकं हेच होतं. घरचे म्हणतात, ‘गोळीची गुंगी आहे, झोपू द्या,’ आणि त्यात मोलाचे तास जातात. म्हणून दर सकाळी चहाच्या आधी सासूबाईंना सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत, दहा पावलं चालायला सांगा. ही परीक्षा सांगलीतही दोन-तीन दिवस सकाळी घेऊन ठेवा, म्हणजे गोळीच्या गुंगीत त्या एरवी कशा चालतात ते माहीत असेल. लेहला त्याहून वाईट चालल्या, किंवा नाव-गाव-दिवस विचारल्यावर गोंधळल्या, तर गोळीला दोष देत बसायचं नाही. मेंदूची सूज धरूनच हलायचं. लेहला सोनम नोरबू मेमोरियल रुग्णालय आहे, नुब्रात दिस्कीटला रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की रोज अल्प्राझोलाम चालू आहे, किती वर्षं आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली. झोपेच्या गोळीवरचा उतारा म्हणून देतात त्या फ्लुमाझेनिलने, रोज गोळी घेणाऱ्याला फिट येऊ शकते.

लपलेली शामकं हा आणखी एक भाग. घाटात उलटी होऊ नये म्हणून आपल्याकडे सर्रास अव्होमिन घेतात. त्यातलं प्रोमेथाझिन चांगलीच गुंगी आणतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याचं कोडीन, गुडघेदुखीला दिलेलं ट्रामाडोल, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन, सगळी त्याच वळणाची. सासूबाईंच्या गोळीवर यांतली एक जरी पडली तरी परिणाम वाढतो. आणि वर मळमळ होऊ लागली तर ती रस्त्याची की उंचीची हे आधी ठरवावं लागतं, अव्होमिन देऊन ती दाबली की तेही कळत नाही. दारूचं तर सोपं आहे. २०२४ मध्ये जर्मनीतल्या एका चाचणीत ४८ तरुणांपैकी निम्म्यांना विमानाच्या केबिनएवढ्या, म्हणजे २,४३८ मीटरच्या दाबाच्या खोलीत दोन बिअरइतकी दारू पाजून झोपवलं. त्यांचा झोपेतला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि नाडी ८८ वर गेली. लेह त्याहून हजार मीटर उंच आहे. सहलीत कुणी ‘थंडी आहे, थोडी घ्या, झोप लागेल’ म्हणालं तर सासऱ्यांचा ग्लास आधी बाजूला करा.

या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या. घरात येणारी प्रत्येक गोळी, अगदी सर्दीची आणि गुडघ्याचीसुद्धा, पिशवीत घालून न्या. तिथून दोन चिठ्ठ्या घेऊन या: एक सासऱ्यांच्या झोपेच्या तपासणीची आणि दुसरी अल्प्राझोलामच्या प्रिस्क्रिप्शनची. परतीचं विमान खराब हवेने रद्द झालं तर गोळ्या संपू नयेत, म्हणून सहलीच्या दिवसांपेक्षा तीन-चार गोळ्या जास्त लिहून मागा. लेहला प्रिस्क्रिप्शनशिवाय ती मिळणार नाही.